पिवळ्या दिव्याची उधारी

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान पुकारलं की भिंतीवरच्या मोठ्या फलकावर देशांच्या नावांपुढे दिवे लागतात. हिरवा म्हणजे ठरावाच्या बाजूने, लाल म्हणजे विरोधात, पिवळा म्हणजे तटस्थ. काही नावांपुढे काहीच लागत नाही. त्या देशाचा माणूस चहा प्यायला गेलेला असतो, किंवा त्याला तसं जायला सांगितलेलं असतं. २ मार्च २०२२ च्या रात्री, आपल्याकडे निजानीज व्हायच्या वेळी, मी लॅपटॉपवर हा फलक बघत बसलो होतो. रशियाचे रणगाडे युक्रेनमध्ये शिरून आठवडा होत आला होता. रशियाने सैन्य ताबडतोब मागे घ्यावं असं सांगणारा ठराव होता. १४१ हिरवे, ५ लाल, ३५ पिवळे, आणि १२ नावांपुढे अंधार. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

टाळ्या आकड्याला होत्या. मला आकड्यापेक्षा यादी वाचण्यात जास्त गंमत वाटते. म्यानमार हिरवा! तिथल्या लष्करशहांनी तर रशियाची बाजू उघडपणे घेतली होती. पण न्यूयॉर्कमधल्या खुर्चीत बसलेला राजदूत त्यांनी उलथवलेल्या सरकारने नेमलेला होता आणि बटण त्याच्या बोटाखाली होतं. अफगाणिस्तानचंही तेच. काबूल तालिबानच्या हातात, खुर्ची जुन्या प्रजासत्ताकाच्या माणसाच्या हातात, दिवा हिरवा. व्हेनेझुएला रशियाचा जुना दोस्त, पण संयुक्त राष्ट्रांची वर्गणी थकल्यामुळे त्याचा मताचा हक्कच गोठलेला. लाल दिवेवाले पाचच: खुद्द रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, सीरिया आणि इरिट्रिया. क्युबासुद्धा लाल झाला नाही, पिवळ्यावर थांबला.

आणि सर्बिया हिरवा. हे मला सगळ्यात मजेशीर वाटलं. कोसोव्होने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं ते सर्बियाने अजून मानलेलं नाही, आणि सुरक्षा परिषदेत त्याची पाठराखण करणारा देश रशियाच. पण ‘सीमा बळाने बदलता येत नाहीत’ या वाक्यावरच सर्बियाचा कोसोव्होवरचा दावा उभा आहे, आणि पुतिन तर कोसोव्होचाच दाखला देऊन युक्रेनच्या पूर्वेकडचे दोनेत्स्क-लुहान्स्क तोडत होते. बेलग्रेडने मग ठरावाला मत दिलं आणि निर्बंध लादायला मात्र नकार दिला. डावा हात हिरव्या बटणावर, उजवा रशियन गॅसच्या नळावर. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला तो एका अडचणीत सापडलेल्या देशाचा अगदी प्रामाणिक कबुलीजबाब वाटतो.

त्याच दिवशी खारकीव्हमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या दूतावासाने सांगितलं होतं की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन मिळालं नाही तर चालत निघा. पेसोचिन, बाबाये, बेझल्युदोव्का अशी तीन ठिकाणांची नावं दिली होती. आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी त्या चालणाऱ्यांत होती. तिचे वडील सावंतवाडीत मोबाइलवर नकाशा मोठा-लहान करत बसले होते. आदल्याच दिवशी खारकीव्हच्या गोळीबारात कर्नाटकातला एक विद्यार्थी गेला होता. म्हणून त्या रात्री भारतापुढे पिवळा दिवा लागला तेव्हा मला रागबिग काही आला नाही. त्या पोरांना वाट मोकळी द्यायची की नाही हे ज्यांच्या हातात होतं, त्यांना त्याच रात्री जगासमोर दोषी ठरवणं कुठल्याही सरकारने टाळलंच असतं. पंतप्रधान पुतिनशीही बोलत होते आणि झेलेन्स्कींशीही. चार केंद्रीय मंत्री युक्रेनच्या शेजारी देशांत जाऊन बसले होते.

रात्री उशिरा बांद्याहून काकांचा फोन. वय झालंय, पण बातम्या सोडत नाहीत.

“मगे? आपण खंय?”

“पिवळ्यात, काका.”

“बरां केल्यानी. एकसष्टाक आपल्या पाठीक कोण उभो रवलो? अमेरिका?”

एकसष्ट म्हणजे गोवामुक्तीचं साल. काकांच्या या एका प्रश्नात आपलं अर्धं परराष्ट्र धोरण आहे, आणि त्याची एक बाजू मला तेव्हापासून छळते आहे. पण तिथे जायच्या आधी नैरोबीला जाऊन यायला हवं.

२१ फेब्रुवारीला पुतिननी दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली आणि त्याच रात्री न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक बसली. तिथे केनियाचे राजदूत मार्टिन किमानी बोलले. केनिया त्या वर्षी परिषदेचा तात्पुरता सदस्य होता. रशियाशी त्याचं वैर नाही, युक्रेनशी खास घसट नाही. किमानींनी बाजू घेण्याआधी स्वतःच्या घराची गोष्ट सांगितली. आमच्या सीमा आम्ही आखल्या नाहीत, म्हणाले. त्या लंडन, पॅरिस, लिस्बनमध्ये बसलेल्या लोकांनी आखल्या आणि एकेक जुना समाज मधोमध चिरून टाकला. आजही प्रत्येक आफ्रिकी देशाच्या सीमेपलीकडे आमचीच माणसं राहतात, तीच भाषा, तेच नातेगोते. स्वातंत्र्य मिळाल्यावर आम्ही वंश आणि धर्म जुळवून देश करायचे ठरवले असते, तर इतक्या दशकांनंतरही आम्ही लढतच बसलो असतो. त्याऐवजी वाट्याला आल्या त्या सीमा आम्ही पत्करल्या. मेलेल्या साम्राज्यांच्या निखाऱ्यांवरून बाहेर पडताना नव्या गुलामीत शिरायचं नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

हे ऐकायला उदात्त वाटतं, पण त्यामागे केनियाची चांगलीच भाजलेली बोटं आहेत. केनियाच्या ईशान्येला सोमाली लोक राहतात. सोमालियाच्या झेंड्यावरच्या पाच टोकांपैकी एक टोक त्या प्रदेशाचं. ‘आमची माणसं तिकडे आहेत, म्हणून तो मुलूख आमचा’ हा दावा केनियाने जन्मल्याबरोबर ऐकला आणि १९६३ पासून चार वर्षं तिथे बंडाळी सोसली. १९६४ मध्ये कैरोला आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा पाळायच्या. किमानी मॉस्कोकडे बघून बोलत होते, पण वाक्यं मोगादिशूला साठ वर्षांपूर्वी ऐकवलेली होती. त्याच भाषणात त्यांनी परिषदेतल्या बाकीच्या बलाढ्यांनाही सोडलं नाही. आंतरराष्ट्रीय कायदा तुम्हीही वाकवत आला आहात, असं सुनावलं. इराकचं नाव न घेता सगळ्यांना इराक आठवला असणार.

याच भाषणामुळे ‘आफ्रिका युक्रेनच्या बाजूने’ अशा मथळ्यांचा पाऊस पडला. तसं काही नव्हतं. ५४ आफ्रिकी देशांपैकी २८ हिरवे, १७ पिवळे, ८ गैरहजर आणि इरिट्रिया लाल. दक्षिण आफ्रिका पिवळी. तिथल्या परराष्ट्र खात्याने पहिल्याच दिवशी रशियाने सैन्य मागे घ्यावं असं निवेदन काढलं आणि मग सरकारचा सूर हळूहळू खाली आला. कारण जुनं आहे. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा लढा चालू असताना पाश्चात्त्य सरकारं प्रिटोरियाशी व्यापार करत होती आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या पोरांना बंदूक धरायला शिकवत होतं ते सोव्हिएत संघराज्य. ते ऋण आहे, कुणी नाकारू नये. पण साठच्या दशकात त्या पोरांचा एक मोठा जथा जिथे शिकला ते गाव म्हणजे ओदेसा. युक्रेनमधलं ओदेसा. २०२२ मध्ये त्याच्यावर रशियाची क्षेपणास्त्रं पडत होती आणि प्रिटोरियात ऋण मॉस्कोच्या नावे फेडलं जात होतं.

इथे मला काकांचा फोन पुन्हा ऐकू येतो.

पण आधी तुर्कस्तान, कारण तटस्थपणाचा इतका बारकाईने केलेला व्यवहार मी दुसरा पाहिला नाही. १९३६ च्या माँत्रो कराराने काळ्या समुद्रात शिरण्याचं दार, बॉस्फरस आणि दार्दानेल्सच्या सामुद्रधुन्या, तुर्कस्तानच्या ताब्यात आहेत. युद्ध सुरू असलं तर लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना ते दार लावता येतं. पण त्यासाठी आधी ‘हे युद्ध आहे’ असं म्हणावं लागतं, आणि रशिया तर ‘विशेष लष्करी मोहीम’ म्हणत होता. तुर्की परराष्ट्रमंत्र्यांनी युद्ध सुरू झाल्यावर चारेक दिवसांतच युद्ध म्हटलं आणि दार लावलं. मूळ तळावर परतणाऱ्या जहाजांना करारातच सूट आहे, ती दिली. कुणाला दोष दिला नाही. एप्रिलमध्ये ‘मॉस्क्वा’ ही रशियाच्या काळ्या समुद्रातल्या ताफ्याची मुख्य युद्धनौका युक्रेनने बुडवली, तेव्हा तिच्या जागी दुसऱ्या समुद्रातून जहाज आणणं रशियाला शक्य नव्हतं. एक शब्द आणि एक जुना करार यांनी जे केलं ते शंभर निषेधांनी झालं नसतं. तोच तुर्कस्तान युक्रेनला बायरक्तार ड्रोन विकत होता, रशियाकडून गॅस घेत होता, निर्बंध लादत नव्हता, रशियन पर्यटकांनी अंताल्याचे किनारे भरत होता, आणि जुलैमध्ये त्याच दोघांना इस्तंबूलला बसवून धान्याची जहाजं सोडायचा करार घडवून आणत होता. तो करार वर्षभर टिकला. तेवढ्यात कोट्यवधी टन गहू, मका, सूर्यफुलाचं तेल बाहेर पडलं.

सिंगापूरची गोष्ट छोटी आणि सरळ. त्यांनी ठरावाला मत दिलं आणि शिवाय निर्बंधही लादले, जे सुरक्षा परिषदेच्या आदेशावाचून ते सहसा करत नाहीत. परराष्ट्रमंत्री बालकृष्णन यांनी संसदेत जुने दाखले काढले. १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या बेटावर फौजा उतरवल्या तेव्हाही सिंगापूरने आमसभेत अमेरिकेविरुद्ध मत दिलं होतं. मित्राच्या विरोधात दिलेलं एखादं मत असं चाळीस वर्षांनी कामाला येतं. फिनलंडला तर बोलायचीही गरज नव्हती. १९३९ च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजा कशा चालून आल्या हे तिथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा असलेला हा देश दशकानुदशकं लष्करी गटांबाहेर राहिला आणि एप्रिल २०२३ मध्ये नाटोत जाऊन बसला.

आता आपण.

१८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. आमच्या बांद्या-सावंतवाडीकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात त्या आठवड्यातले लष्करी ट्रक, धूळ आणि रस्त्याकडेला पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या राहिलेल्या बायका अजून येतात. आमच्यासाठी ती मुक्ती आहे, त्यात मला तसूभरही शंका नाही. पण त्याच रात्री न्यूयॉर्कच्या सुरक्षा परिषदेत हे प्रकरण ‘भारताचं आक्रमण’ म्हणून आलं होतं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव होता की युद्ध थांबवा, सैन्य परत न्या. अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन म्हणाले की संयुक्त राष्ट्रांच्या मृत्यूने संपू शकणाऱ्या नाटकाचा हा पहिला अंक आहे. आपले राजदूत सी. एस. झा यांचा युक्तिवाद होता की स्वतःच्याच भूमीवर, स्वतःच्याच लोकांवर आक्रमण कसलं. सात मतं ठरावाच्या बाजूने पडली. विरोधात चार: सोव्हिएत संघराज्य, संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त, सिलोन आणि लायबेरिया. सोव्हिएतचं मत नकाराधिकार ठरलं आणि ठराव मेला. त्या दिवसांत ब्रेझनेव्ह भारताच्या दौऱ्यावरच होते. तेव्हा ते सोव्हिएतचे राष्ट्रप्रमुख होते, आणि त्यांचा जन्म द्नीपर नदीकाठच्या कामेन्स्कोयेचा. तेही आता युक्रेनमध्ये आहे.

मग १९७१. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तेरा दिवसांचं युद्ध आणि ढाक्यातली शरणागती असते. आमसभेतलं मतदान नसतं. सुरक्षा परिषदेत सोव्हिएतच्या नकाराधिकारामुळे कोंडी झाल्यावर प्रश्न आमसभेकडे गेला, बरोबर त्याच वाटेने ज्या वाटेने २०२२ मध्ये युक्रेनचा गेला. ७ डिसेंबर १९७१ ला युद्ध थांबवून फौजा आपापल्या हद्दीत न्या असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. दहा देश तटस्थ राहिले, त्यांत ब्रिटन आणि फ्रान्स. म्हणजे एका रात्री आपल्यापुढेही लाल दिवा होता आणि समोर १०४ हिरवे. एक कोटी निर्वासितांचा भार, पूर्व पाकिस्तानातली कत्तल, हे सगळं जगाला माहीत होतं. तरी सीमा ओलांडणारं सैन्य आपलं होतं आणि जगाने तेवढंच पाहिलं.

त्या अकरांची यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थांबलोच. भारत, सोव्हिएत संघराज्य, पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया, मंगोलिया, क्युबा, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत आलेला भूतान, आणि दोन नावं जी आपण हमखास विसरतो: बेलारूस आणि युक्रेन. सोव्हिएतचे घटक असूनही या दोघांना १९४५ पासून आमसभेत स्वतःची जागा होती. स्तालिनने जास्तीची मतं मागून घेतली होती, हे खरं. युक्रेनचं ते मत कीवमध्ये ठरलं नव्हतं, क्रेमलिनमध्ये ठरलं होतं, हेही खरं. पण यादीत नाव आहे. एकाहत्तरला जे अकरा आपल्या बाजूने उभे राहिले, त्यांत युक्रेन होता.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य विस्कटलं तेव्हा सुरक्षा परिषदेतली त्याची कायमची खुर्ची रशियाला गेली. त्याच्याबरोबर आपल्या मनातलं जुनं खातंही न बोलता रशियाच्या नावावर चढलं. जमा करणारे पंधरा, आणि आपण उधारी फेडतो ती एकालाच. प्रिटोरियाने केलं ते दिल्लीनेही केलं. ढाक्यानेही केलं, बांगलादेश २ मार्चला पिवळा राहिला तो एकाहत्तरची आठवण ठेवून. रशियाचं ऋण खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या पंधरा जणांत ज्याच्यावर आज बॉम्ब पडत होते, त्याचाही त्यात वाटा होता, एवढं तरी कुणी बोलायला हवं होतं.

आणि हा वाटा नुसता मतांचा नाही. आपल्या नौदलाची राजपूत जातीची विनाशिका जहाजं बांधली गेली ती मिकोलाइव्हच्या गोदीत, युक्रेनमध्ये. बुडालेली ‘मॉस्क्वा’ही तिथलीच. सियाचीन-लडाखकडे रसद नेणारी हवाई दलाची अँतोनोव्ह-३२ विमानं कीवच्या कारखान्यातली. मुंबईच्या माझगाव गोदीने बांधलेली ‘आयएनएस मोरमुगाव’ ही युद्धनौका १८ डिसेंबर २०२२ ला, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, नौदलात आली. गोव्यातल्या मुरगाव बंदराचं नाव, समारंभाची भाषणं, सगळं नीट जुळवलेलं. तिच्या पोटातली गॅस टर्बाइन मात्र मिकोलाइव्हच्या झोर्या-माशप्रोयेक्त कारखान्यातली. त्या वर्षी मिकोलाइव्हवर महिनोन्महिने तोफा आणि क्षेपणास्त्रं पडत होती. शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी नव्हतं. समारंभात त्याचा उल्लेख व्हायचं कारण नव्हतं, तसा झालाही नाही. दुसरी एक गोष्ट तर त्याहून विचित्र आहे: रशियात कॅलिनिनग्राडला आपल्यासाठी बांधल्या जाणाऱ्या फ्रिगेट जहाजांना युक्रेनी इंजिनं हवी होती, आणि २०१४ मध्ये क्रिमिया गिळल्यापासून युक्रेन रशियाला इंजिनं देत नव्हता. मग आपण ती युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियन गोदीत पोहोचवली. त्यांतलं ‘तुशील’ डिसेंबर २०२४ मध्ये नौदलात आलं. दोन शत्रूंनी मिळून बांधलेलं जहाज, आणि मालक आपण.

मला खटकतं ते २ मार्चचं मत नाही. मी आधीच म्हटलं, पोरं खारकीव्हच्या रस्त्यावर होती. तेलाचंही मला फार वाटत नाही. युद्धाआधी आपल्या आयात तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो वर्षभरात एक तृतीयांशावर गेला; पण युरोप स्वतः रशियन गॅसवर घरं ऊबदार ठेवत आपल्याला उपदेश करत होता, आणि त्यावर जयशंकरांनी स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात जे सुनावलं ते त्या लोकांना ऐकवण्यासारखंच होतं. युरोपचे प्रश्न म्हणजे जगाचे प्रश्न आणि जगाचे प्रश्न मात्र युरोपचे नाहीत, या मनोवृत्तीतून बाहेर या, असं ते म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या.

खटकतं ते १२ ऑक्टोबर २०२२. तोवर विद्यार्थी घरी पोहोचले होते. सप्टेंबरमध्ये समरकंदला पंतप्रधानांनी पुतिनना तोंडावर सांगितलं होतं की हे युग युद्धाचं नाही, आणि जगभर त्याचं कौतुक झालं होतं. मग महिनाअखेरीस रशियाने चार युक्रेनी प्रांत सार्वमताचा फार्स करून आपल्यात जोडून घेतले. आमसभेपुढचा ठराव साधा होता: हे विलीनीकरण बेकायदा आहे, त्याला मान्यता देऊ नका. १४३ हिरवे. आपण पुन्हा पिवळे. त्या ठरावात कुणावर निर्बंध नव्हते, कुणाशी नातं तोडायची अट नव्हती. शेजाऱ्याचा मुलूख बळाने घेऊन नकाशा बदलता येत नाही, एवढंच होतं. अरुणाचलच्या गावांना चिनी नावं ठेवणारा शेजारी ज्याच्या उशाशी आहे, त्याने हे वाक्य खरं तर भिंतीवर लिहून ठेवायला हवं.

आणि गोव्यामुळे तर जास्तच. पुतिन म्हणतात ती आमची माणसं, आमचीच भूमी. झा यांचं १९६१ चं वाक्य ऐकलं तर कान टवकारतात. म्हणूनच फरक सांगायची जबाबदारी आपली होती. गोव्यात परक्या वसाहतीची सत्ता होती आणि तिथल्या माणसाला ती बदलायला मत नव्हतं. १९५५ च्या सत्याग्रहींवर तिने गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांनीच १९६० मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातले हे प्रदेश स्वराज्य नसलेले ठरवले होते, आणि नेहरू चौदा वर्षं बोलणी करत थांबले होते. युक्रेन हा संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य. १९९१ च्या सार्वमतात तिथे मत दिलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्य मागितलं. १९९४ मध्ये बुडापेस्टला स्वतःच्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडायला तो कबूल झाला, आणि त्याच्या सीमांचा आदर करू असं लिहून देणाऱ्यांत रशियाची सही होती. हा फरक किमानींसारखा उभं राहून आपण सांगितला असता, तर गोव्याची बाजू आणखी बळकट झाली असती. गप्प राहिल्याने दोन्ही प्रकरणं एकाच गठ्ठ्यात पडून राहिली, आणि लिस्बनमधल्या जुन्या पोर्तुगीज मंडळींना एरवी जे सिद्ध करायला मेहनत पडली असती ते आयतं मिळालं.

हे धोरण नवं नाही, हेही कबूल. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले तेव्हा आपण सुरक्षा परिषदेत होतो आणि तटस्थ राहिलो. तेव्हा निदान अशोक मेहतांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देऊन टाकला. २०२२ मध्ये कुणी राजीनामा द्यावा असं मी म्हणत नाही, पण संसदेत या मतावर कडाक्याचं भांडण तरी व्हायला हवं होतं. झालं ते बहुतेक विद्यार्थ्यांच्या विमानांवर.

दिवे बदलतात हे तर २०२५ ने दाखवलंच. २४ फेब्रुवारीला, युद्धाच्या तिसऱ्या वाढदिवशी, युक्रेन आणि युरोपचा ठराव आमसभेत आला. १४१ चे ९३ झाले होते. लाल १८, पिवळे ६५. त्या लालात रशियाच्या शेजारी अमेरिका होती. तीच अमेरिका, जिने तीन वर्षांपूर्वी जगभर फोन करून हिरवी मतं गोळा केली होती. हंगेरी लाल, इस्रायल लाल. खुद्द चीन पिवळा, म्हणजे रशियाविषयी अमेरिकेपेक्षा कडक! त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचा गुळमुळीत ठराव दहा मतांनी मंजूर झाला. रशियाने त्याच्या बाजूने मत दिलं आणि फ्रान्स, ब्रिटन, डेन्मार्क, ग्रीस, स्लोव्हेनिया तटस्थ बसले. आमचा एक मित्र लगेच म्हणाला, “बघ, आपण पहिल्या दिवसापासून मधोमध होतो, आता सगळे तिथेच येतायत.” मला नाही पटलं. दुसरा घसरला म्हणून आपण शहाणे ठरत नाही. आपण हललो नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ.

मी मात्र अधूनमधून त्या दोन याद्या शेजारी ठेवून बघतो, १९७१ ची आणि २ मार्च २०२२ ची. पोलंड, बल्गेरिया, झेकांचा आणि स्लोव्हाकांचा देश, हंगेरी, सगळे हिरव्यात गेले. त्यांना मॉस्कोचा अनुभव आपल्यापेक्षा जवळचा. क्युबा आणि मंगोलिया पिवळ्यात. बेलारूस लालातच. भूतान हिरव्यात. एकाहत्तरला ढाका पडायच्या आधी दहा दिवस बांगलादेशाला मान्यता देणारा आणि आमसभेत आपल्याबरोबर लाल होणारा तो सात-आठ लाख वस्तीचा देश, सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी एकाशीही राजनैतिक संबंध न ठेवणारा, ज्याच्या डोकलाममध्ये २०१७ ला चिनी रस्ता आणि आपलं सैन्य समोरासमोर आलं होतं. त्याला मॉस्कोचं काही देणं नव्हतं, हे खरं, त्यामुळे त्याचं बटण हलकं होतं. पण दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये राहणाऱ्या देशाने सीमांच्या ठरावावर कुठला दिवा लावला, त्यावर दिल्लीत एखादा अग्रलेख तरी आला असेल म्हणून मी शोधत होतो. मला सापडला नाही.